बिनपत्त्याचं प्रोटीन आणि घाटंजीचं बोरकूट

पत्ता नसतो म्हणे! आता बोला! माणसानं साधा प्रश्न विचारावा, की मिताली, तुझी आई घाटंजीच्या बाजारात बोरकूट कोणाकडून घ्यायची गं, आणि पोटच्या पोरीनं फोनवर काय सांगावं? 'माहीत नाही बाबा. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरलाही पत्ता नसतो!' पुण्यात त्याच्यावरच संशोधन करते ती. इथे मी भर उन्हात, हातात रिकामी थैली, आणि उद्या शीलाचं, म्हणजे आमच्या हिचं, वर्षश्राद्ध. पानावर पंचपक्वान्नं वाढा, पण चिमूटभर बोरकूट नसेल तर ती जेवेल का हो? जिवंतपणी जेवली नाही!

म्हटलं, 'हा कोण तुझा फॅक्टर?' तर म्हणे, 'प्रोटीन असतं बाबा. पेशीतला कोणता जीन चालू करायचा, कोणता बंद, ते त्याचं काम. पण आपला जीन कुठे आहे हे त्याला ठाऊकच नसतं! डीएनएचा तीनशे कोटी अक्षरांचा धागा, त्यावर कुठेही टेकतं, थोडं सरकतं, नाही जमलं की सुटतं, दुसरीकडे उडी मारतं...' 'ओळखतं कशावरून?' 'सहा-आठ अक्षरांची खूण असते.' 'मग झालं की!' 'झालं कुठे? तशीच खूण हजारो ठिकाणी सापडते!'

तुम्हाला सांगतो, खूण माझ्याकडेही होती. बोरकूटवालीचं हिरवं लुगडं आणि नाकात फुली. त्यापलीकडे मला काय माहीत? आमचा रिवाजच तो. मी लिंबाखाली थैल्या धरून उभा, ती आत. पुरुषाचं बाजारात दुसरं काम काय?

तर टेकलो पहिल्या ओळीला. हिरवं लुगडं, फुली, पुढ्यात बोरकूट! विचारलं, 'यवतमाळची बाई यायची, ती तुमच्याकडेच का?' 'हाव भाऊ, मायाकडंच! उंच, गोरी बाई नं?' शीला ना उंच, ना गोरी. सुटलो. पुढे सरकलो. पुन्हा हिरवं लुगडं, पुन्हा फुली. 'हाव हाव, चष्मेवाली!' कसला चष्मा? मारली उडी, ती थेट लसणाच्या ढिगापाशी. 'ओ काका, कायले चकरा मारून राह्यले? लसून घ्याचा हाय का नजर लावाची हाय?' पत्ता नसतो म्हणे!

पुन्हा फोन. 'बाबा, बराचसा धागा गुंडाळून ठेवलेला असतो, तिथे सहसा शिरताच येत नाही.' खरंच की हो, ऊन म्हणून अर्ध्या बायांनी पालं खाली सोडलेली! आता या वयात मी लोकांची पालं उचलून डोकावू? 'मग त्याला सापडतं तरी कसं गं?' 'एकट्याला कठीणच जातं बाबा. सापडलं तरी टिकत नाही, लगेच सुटतं. शेजारी जोडीचं प्रोटीन बसलं, की दोघं मिळून धरून ठेवतात.'

मी फोन खिशात टाकला. संत्रीवाल्याचा भोंगा तेवढा ओरडत होता, गोड संत्री, गोड संत्री...

आणि मागून हाक! 'ओ थैलीवाले भाऊजी! इकडं कुठी भटकून राह्यले? तुमची जागा त त्या लिंबाखाली!' वळून पाहतो तर नाकात फुली आहे, पण लुगडं चक्क जांभळं! वर्षभर मी इकडे फिरकलो नाही, म्हणून काय बाईनं लुगडं बदलायचं? शेजारीण तिला रुपीबाई म्हणत होती. इतकी वर्षं तिनं मला लांबून पाहिलेलं, आणि मी तिला आज पाहत होतो!

बोरकूट डब्यात वेगळं ठेवलेलं. मी हात पुढे केला, तर तिनं झाकणच लावलं. 'तुमाले काय समजते आंबट का गोड? बाई चाखते, मंग घेते. बाई कुठी हाय?'

तुम्हाला सांगतो, वर्षभर जो भेटला तो शीलाबद्दल 'होती' म्हणाला. 'कुठी हाय' विचारणारी ही पहिलीच. मी तोंड उघडलं... 'आज नाही आली,' एवढंच निघालं.

'बरं, मंग एवढं न्या,' म्हणत तिनं कागदात मूठभर बांधून दिलं. 'बाकी बाईसाठी राखून ठेवतो. पुढच्या बाजारी तिले घेऊन येजा!'

उद्याचं पान निभावलं. पण माझं पाहा! शिकला-सवरलेला माणूस, चारचौघांत मान हलवून 'आणतो' म्हणून आलो!