जावेनं उभं केलं

माझं माहेर चौक गावाकडचं, बाप हायवेला पंक्चर काढायचा, म्हणून मला शेतातलं काय म्हणजे काय येत नव्हतं, आन् दिली कडाव गावात, जिकडं बघाल तिकडं भाताची खाचरं. काय सांगू तुमाला, पहिल्या लावणीला चिखलात पायच उचलंना, बाया हसायच्या. तवा माझी थोरली जाऊ, इंदूबाय, तिनं मला बाजूला घेतलं, मंग आमी दोघी एका ओळीत लावायचो, मागं मागं सरत, ती गाणं धरायची, मी ओढायची. दुपारी बांधावर भाकर आन् सुकटीची चटणी, एका फडक्यातली. लई चांगले दिवस व्हते हो. आता त्यातल्या निम्म्या खाचरांत लोकांचे बंगले झाले, गाणं कोण म्हणंल?

मंग वाटणी झाली. बांधावरनं भाऊ-भाऊ भांडले, आन् बोलणं आमचं दोघींचं बी बंद. भाऊ पुढं बोलाय लागले बरं का, आमीच नाय. एकाच नळावर हंडे भरायचो, तोंड फिरवून.

गेल्या पावसाळ्यात म्हशीला गवताचा भारा आणत व्हते, बांध निसरडा, भाऱ्यासकट खाली गेले आन् गुडघ्याखाली कडकन वाजलं. पोरगा साजगावला कंपनीत, त्याला फोन केला, टेंपोत घालून पनवेलला नेलं. ऑपरेशन करून हाडात सळई घातली. डॉक्टर आधी म्हणले पाय बिलकूल टेकायचा नाय, मंग काय दिवसांनी फोटो काढून म्हणले, आता टेका, पण थोडा थोडा भार द्या. व्यायाम शिकवणारी बाई घरी आली, वजनकाटा घेऊन. म्हणली वॉकर धरा, हा पाय काट्यावर ठेवून दाबा, मी थांबा म्हणले की थांबा, तेवढाच भार आता चालताना द्यायचा.

पण माझा जीवच धजंना. वाटायचं सळई मोडंल. मालक म्हणायचे टेक गं, पोरगा म्हणायचा आई टेक ना, ती बाई म्हणायची मावशी, भारच नाय दिला तर पायातली ताकद जाईल. समदं कळत व्हतं, पण पाय अधांतरीच. नुसती रडायची.

एक दिवस दुपारी दारात इंदूबाय उभी. कशी हायेस नाय, काय नाय, आत आली आन् म्हणली, ऊठ. मी म्हणलं, बाय, मला भ्या वाटतं. म्हणली, मला बी भ्या वाटत व्हतं तुझ्या दारात यायचं, आले का नाय? ऊठ गं. तिनं मागनं माझी कंबर धरली, मी वॉकर धरला, आन् टेकला पाय. हलकाच, त्या बाईनं शिकवला व्हता तसा. पायाला भुई लागली तशी मी हमसून हमसून रडले, आन् माझ्या मागं ती रडत व्हती. मंग रोज यायची. व्यायाम थोडा आन् गप्पाच लई, गेलेल्या माणसांच्या, त्या लावणीच्या.

आता वॉकर सुटला, काठी सुटली. चिखलात नाय उतरत मी, बांधावर बसते, तिचे बी गुडघे गेलेत, ती बी बसते. थंडीत पाय ठणकतो माझा. ठणकू दे. पडले नसते तर बोललोच नसतो आमी, तसंच एकीला मसणात पोचवून दुसरी घरी आली असती. देव तुमचे पाय धड ठेवो, बाबा. बसा, च्या टाकते, ती बी येईलच आता.