राब न भाजलेलं साल

कर्जतच्या एसटी स्टँडवर चंद्राबाई डोंगराखालच्या आपल्या गावाला जाणाऱ्या गाडीची वाट बघत होती. शेजारी बोचकं घेऊन बसलेल्या येसाजीला त्याची थोरली बहीण भागूबाई झाडत होती.

“मिरग तोंडावर आला आन् तू राब भाजला नाय? भाताची रोपं कशात करशील रं?”

“कंपनीवाले खाण होणार म्हणत होते, ताई. डोंगरात तांबं हाय, सोनंबी हाय. म्हटलं, जमीन जाणारच, मंग पालापाचोळा कशाला जाळू?”

“मंग कुठं गेली तुजी खाण?”

“मशिनीनं भोकं पाडली, तपासायला आतल्या दगडाच्या कांड्या काढल्या. सायेब म्हणाला, तांबं हाय, पण खणण्याजोगं नाय. मशीन उचलली आन् गेले.”

“आन् पोरं वर्सभर काय खातील? कांड्या?”

“नको ना गं बोलूस.”

“निघालास कुठं?”

“त्यांच्याच मागं. दुसऱ्या डोंगरावर मशीन लावतायत. ओझी वाहायला माणसं लागतात.”

“तिथल्या लोकांना तरी सांग, खाणीच्या नादानं शेत टाकू नका म्हणून.”

“सांगितलं तर मला कामावर ठेवतील का?”

“कुठल्या डोंगरावर, दादा?” चंद्राबाईनं न राहवून विचारलं.

येसाजीनं बोचकं काखेत मारलं आणि तोंड फिरवलं.