तबूकमधली गोधडी

अगं, यंदा आमच्या तबूकच्या डोंगरावर बर्फ पडला, हो, सौदीतच! बाहेर पडवेना, म्हणून मी घर आवरायला काढलं. जुने कपडे पिशवीत भरून दाराशी ठेवले, तर सकाळी पिशवी निम्मी! बघते तर व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूबाई हीटरजवळ बसून त्याच कपड्यांची गोधडी शिवतायत.

मी वैतागले. “आई, आणखी पसारा नको हो!”

त्यांनी सुईत नवा दोरा ओवला. परत निघाल्या त्या दिवशी त्यांनी गोधडी माझ्या हातात ठेवली. वरून लावलेली त्यांचीच हिरवी सुती साडी!

“अहो, ही तुमची आवडती ना?”

“धुऊन धुऊन मऊ झालीय, पोरांना टोचायची नाही. एवढा एक पसारा ठेव माझा. बाकीचा मी घेऊन चाललेय.”