अस्वलाच्या कानाएवढी

मास्तरीण : पुन्हा म्हण बघू. सिस्टरच्या मुलाचा फोन आला की काय सांगायचं?

नेमी : "तुझी आई ठणठणीत आहे. आज ती गगनझेपेत बसली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मास्तरीण : छान. फक्त आवाज जरा चढव. तू बोलायला लागलीस की वाटतं, पलीकडच्या खोलीत कुणाचा तरी आत्ताच डोळा लागलाय.

नेमी : पण ती बसली की मगच सांगेन हं. आधी नाही.

सिस्टर : मगच गं बाई! नाहीतर या उन्हात, या वयात, त्या लोखंडी अजगराच्या पोटात शिरायची हौस कुणाला आलीये? वर बघा जरा. माणसं उलटी लटकून ओरडतायत. आमच्या वॉर्डात कुणी असं ओरडलं असतं ना, तर मी आधी इंजेक्शन दिलं असतं आणि मग नाव विचारलं असतं.

मास्तरीण : सरका पुढे. जागा झाली.

सिस्टर : सरकले. केवढी ही प्रगती! मघाशी अस्वलाच्या मागे उभ्या होतो, आता अस्वलाच्या पुढे.

नेमी : त्या अस्वलाच्या आत माणूस आहे गं. मघाशी मुंडकं काढून पाणी पीत होता बिचारा. एवढ्या उकाड्यात केसाळ अंगरखा घालून दिवसभर टाटा करायचा.

मास्तरीण : त्याला निदान पगार मिळतो. आपण तिकीट काढून उकडून घेतोय.

सिस्टर : आणि वर उपाशी. गेटवर त्या मुलीनं माझा डबा काढून घेतला, तेव्हा काय म्हणाली ऐकलंत ना? "आजी, घरचं खाणं आमच्या आनंदाच्या धोरणात बसत नाही."

नेमी : पण गोड बोलत होती.

सिस्टर : तुला काय, यमदूत आला तरी गोडच वाटेल. "या ना, दमला असाल" म्हणून पाट मांडशील.

मास्तरीण : मला एक कळत नाही. तुझ्या चिरंजीवाला खात्री करून घ्यायची आहे ना, तर ती नेमीकडूनच का? मला का नाही विचारत? मी काय खोटारडी आहे?

सिस्टर : नेमीसमोर असले प्रश्न विचारू नकोस. ती उत्तर देईल.

मास्तरीण : देऊ दे की. दे गं.

नेमी : ते घड्याळ तू घालून फिरत होतीस ना...

मास्तरीण : त्यात खोटं कुठे आहे? पोरानं आईसाठी घड्याळ पाठवलं. आई किती चालली, किती झोपली, सगळं परदेशात त्याच्या फोनवर उमटतं. हिचे गुडघे काही उमटू देईनात. मी रोज टेकडीवर जातेच, म्हटलं, दे माझ्याकडे. हिचा निकाल सुधारला की नाही?

सिस्टर : इतका सुधारला, की ज्या सकाळी मी बाथरूमच्या फरशीवर आडवी पडून छताकडे बघत होते, त्याच सकाळी पोराचा निरोप आला, "शाब्बास आई! आज तर टेकडीच!"

मास्तरीण : वेळ जुळली, त्याला मी काय करू.

सिस्टर : खालच्या काकूंनी चहाडी केली नसती तर अजून टेकड्याच चढत असते मी. पण काकूंना कुठला दम! "तुमच्या आई हल्ली जिना उतरताना कठडा धरतात हो." झालं. लगेच त्यानं मला तो व्हिडिओ पाठवला. ज्येष्ठांचं आनंदनिवास.

नेमी : कारंजं आहे ना गं तिथे?

सिस्टर : कारंजं आहे, हिरवळ आहे, सकाळी हसण्याचा तास आहे.

मास्तरीण : आणि हसू आलं नाही तर?

सिस्टर : तर माणूस येतो विचारपूस करायला. शिवाय मनगटाला पट्टी बांधतात, ही बघ, इथे बांधलीये तश्शीच. इथली निदान संध्याकाळी कापून टाकता येते.

मास्तरीण : आणि घर?

सिस्टर : घर विकायचं. "आई, तू एकटी कशाला सांभाळतेस?" म्हणतो. अरे, मी घर सांभाळते की घर मला सांभाळतं, हे तुला तिकडे बसून कसं कळणार! त्या घरातला गळका नळसुद्धा मी दटावलं की गप्प बसतो. मी नाही जाणार. मला उचलून न्यावं लागेल.

मास्तरीण : कुणी उचलत नाही तुला. आज पाच वाजता नेमी एक वाक्य बोलणार आणि विषय मिटणार. सरळ गणित आहे. नेमी खोटं बोलत नाही. सिस्टर गगनझेपेत बसली. म्हणून सिस्टर ठणठणीत. आधी सत्य तयार करायचं, मग ते हिच्या तोंडी द्यायचं.

सिस्टर : हो, आणि ही किती कडक आहे ठाऊक आहे ना? मागे सुनेच्या आईला फोनवर चुकून म्हणाली, "अहो, तुमच्याकडेच यायला निघाले होते." नुसतं म्हणायचं म्हणून! मग काय, फोन ठेवला आणि निघाली. दुसऱ्या गावाला! घरातल्या चपला घालून!

नेमी : तोंडातून गेलं होतं ना गं. मग दिवस संपायच्या आत खरं करायला नको?

मास्तरीण : आणि त्या बिचारीकडे मुक्कामही केलास.

नेमी : बरं झोपले मात्र. त्यांच्याकडे पाहुण्यांना वेगळी खोली आहे. आमच्याकडे टीव्ही बंद झाला की माझी खोली सुरू होते.

सिस्टर : अजून दिवाणखान्यातच का गं?

नेमी : नातवाला अभ्यासाला खोली लागते. त्याचंही बरोबर आहे. फक्त क्रिकेट असलं की देवाचं नाव घेता घेता मला धावसंख्या पाठ होते.

मास्तरीण : चला, चला, आलं गेट! सिस्टर, ताठ उभी राहा. कुणी विचारलं तर गुडघ्यांचं नाव काढू नकोस.

सिस्टर : आणि नेमीला विचारलं तर?

मास्तरीण : नेमे, तू वर आभाळाकडे बघत राहा.

*

मास्तरीण : मी सोडणार नव्हते त्या गेटवालीला. तुम्हीच मला ओढून आणलंत.

सिस्टर : मागची सगळी रांग आपल्या नावानं बोंबलत होती! आणि तू तिला काय सांगत होतीस, तर माणसाची खरी उंची डोळ्यांच्या पातळीवरून मोजावी.

मास्तरीण : मग? गुडघे विचारतील, रक्तदाब विचारतील, वय विचारतील, सगळ्याची उत्तरं तयार होती माझ्याकडे. उंची विचारतील हे कुणाला सुचणार!

नेमी : थोडक्यात राहिलीस गं, सिस्टर. गेटवरच्या त्या उंची मोजायच्या लाकडी अस्वलाच्या कानाला जराशानं टेकली नाहीस.

मास्तरीण : अंबाडा धरला असता तर टेकत होती.

सिस्टर : अंबाडा धरत नाहीत म्हणे. माझ्या मागचा पोरगा, अजून दुधाचे दात पडायचेत त्याचे, तो गेला आत ऐटीत. मला हात हलवून दाखवला मेल्यानं.

नेमी : पूर्वी तू एवढी बुटकी नव्हतीस.

सिस्टर : नव्हतेच. नोकरीला लागले तेव्हा त्या अस्वलाच्या डोक्यावरून पलीकडचं बघितलं असतं मी. मणके बसतात गं. वय झालं की माणूस हळूहळू स्वतःतच बुडत जातो. किती पेशंटना समजावून सांगितलं असेल मी हे, अगदी तोंडावर हसू ठेवून.

मास्तरीण : बदकगाडीनं तरी हात द्यायचा होता.

सिस्टर : तिथे काय, तर मोठ्या माणसांनी सोबत लहान मूल असेल तरच बसावं. म्हणजे बघा, अजगराला मी लहान पडते आणि बदकाला मोठी.

मास्तरीण : मूल मिळत होतं की. तुम्हाला धीर नाही.

सिस्टर : मिळत होतं? ती आई रखवालदाराला हाका मारत होती!

मास्तरीण : मी सभ्यपणे विचारलं.

नेमी : तू म्हणालीस, "तुमचं मूल जरा देता का? एक फेरी मारून परत आणून देते."

मास्तरीण : त्यात वाईट काय होतं? पुस्तकं नेत नाही का आपण वाचनालयातून! बरं, ते जाऊ दे. पाच वाजत आले. नवीन वाक्य बनवू. नेमे, असं सांग, "तुझी आई गगनझेपेच्या दारापर्यंत भर उन्हात उभ्यानं पोचली." हे खरं आहे.

नेमी : खरं आहे. पण त्यात खोटं आहे.

मास्तरीण : कुठे? दाखव मला. एक तरी शब्द चुकीचा दाखव.

नेमी : शब्दात नाही गं. तुझ्या चेहऱ्यात आहे.

मास्तरीण : मग "पडली होती का" असं त्यानं विचारलं तर? "हो" म्हणशील?

नेमी : विचारलं तर हो म्हणेन.

मास्तरीण : घ्या! तुझ्या त्या एका "हो"मुळे हिचं घर जाईल. कळतंय का तुला? तुझा नेम शाबूत राहील आणि ही हसण्याच्या तासाला जाऊन बसेल!

सिस्टर : पुरे. तिला बोलू नकोस.

मास्तरीण : तुझ्यासाठीच बोलतेय मी!

सिस्टर : कळतंय मला. पण तिच्या आयुष्यात तिनं स्वतःसाठी ठेवलेली एवढी एकच गोष्ट आहे. तीसुद्धा मी मागून घेऊ? नेमी, तुझ्या मनाला येईल ते सांग. मी आज बसले ती फक्त या बाकावर. तेवढं खरं आहे.

(नेमीच्या पिशवीतला फोन वाजतो.)

नेमी : हां, बोल रे बाळा... हो, मावशीच बोलतेय... हो हो, तुझी आई इथेच आहे, माझ्या शेजारी... काय? नाही रे. त्या गगनझेपेत नाही बसली. बसू दिलं नाही तिला. उंची कमी पडली.

मास्तरीण : गेलं घर.

नेमी : नाही, मास्तरीण काहीतरी म्हणतेय. तू बोल... हो. पडली होती. बाथरूममध्ये... लागलं होतं. आता बरं आहे, पण जिना उतरताना कठडा धरते... ते घड्याळ? ते मास्तरीणबाईंच्या हातात होतं.

मास्तरीण : अगं ए! माझं नाव कशाला?

नेमी : हो रे राजा. तुझी काळजी कळत नाही का मला? एवढ्या लांब बसून जीव खालीवर होणारच... हं... हं... दिवसा माणसांची ये-जा असते, तेही खरं... रात्री?... रात्री मी असते तिच्याजवळ.

सिस्टर : काय म्हणाली ही?

नेमी : हो, मी. तिथेच झोपते... बरं... बरं बाळा... जेवलास का तू? वेळेवर जेव. ठेवते हं.

मास्तरीण : नेमे!

सिस्टर : काय म्हणाला तो?

नेमी : म्हणाला, "मावशी, तुम्ही सांगताय म्हणजे प्रश्नच मिटला." त्या आनंदनिवासवाल्यांना नको म्हणून कळवतो म्हणाला. आणि बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घ्या म्हणाला. ती मात्र बसवायला हवी हं.

मास्तरीण : नेमे, तू खोटं बोललीस! तू! मी डोळ्यांनी बघितलं!

नेमी : अजून नाही.

मास्तरीण : अजून नाही म्हणजे?

नेमी : अजून रात्र व्हायची आहे ना. घरी जाऊन दोन लुगडी आणि उशी घेते, आणि येते. मग खोटं कुठे राहिलं?

सिस्टर : नाही. मला हे चालणार नाही. आयुष्यभर लोकांच्या उशाशी रात्रपाळ्या केल्या मी. माझ्या उशाशी कुणी रात्रपाळी करायची नाही. मला कुणाची दया नकोय, तुझीसुद्धा.

नेमी : तुझ्यासाठी येत नाहीये गं मी.

सिस्टर : मग?

नेमी : मला दार असलेली खोली हवीये.



सिस्टर : मागची खोली रिकामीच आहे. पण तिचं दार जरा अडतं.

नेमी : अडू दे. लागतं ना?

सिस्टर : लागतं. जोर करावा लागतो थोडा.

नेमी : मग झालं तर.

सिस्टर : सून काय म्हणेल तुझी?

नेमी : दोन दिवस "अहो आई, असं काय करता" म्हणेल. मग कोच हलवून टीव्ही मोठा घेतील.

मास्तरीण : बरं, तुमचं ठरलं असेल तर एक सांगते. तिघींच्या मनगटावरच्या पट्ट्या अजून कोऱ्या आहेत, एकाही फेरीची खूण नाही. एवढी रांग लावली, कुणीतरी त्या गगनझेपेत बसायला हवं की नको? मी त्या अस्वलापेक्षा चांगली टोलेजंग उंच आहे.

सिस्टर : मग जा की. आम्ही खालून हात हलवतो.

मास्तरीण : जाते. एकजण कुणीतरी या ना पण सोबत.

सिस्टर : का? टेकडी चढणारी बाई तू.

मास्तरीण : टेकडी उलटी होत नाही. नेमे, चल ना गं.

नेमी : मला भीती वाटते.

मास्तरीण : मला काय कमी वाटते? फक्त तुझ्यासारखं सांगून टाकता येत नाही मला. जाऊ दे. बसू इथेच. बाक चांगला आहे, सावली आहे. अस्वलसुद्धा टेकलंय बघ तिकडे, मुंडकं मांडीवर घेऊन.

सिस्टर : नेमी.

नेमी : काय गं?

सिस्टर : एक विचारू? तुला खरंच सांगावं लागेल.

नेमी : विचार.

सिस्टर : घोरतेस का तू?

नेमी : घोरते.

सिस्टर : बरं झालं. रात्री घरात नळाशिवाय कुणीतरी बोलेल.