फेस्टी गेला म्हणे

...आणि हॅमची सँडविचेस, तीही कडा कापलेली, सकाळी सकाळी कुणाच्या दारात कोण घेऊन येतं हो? तुम्हीच सांगा. मी बाळाला काखेत घेऊन दार उघडते तर समोर मोना. शेजारची मोना, टॉमची मोना, जी एरवी साखर उसनी मागायलासुद्धा काळा कोट घालत नाही, ती काळा कोट घालून उभी. हातात तिचं ते निळ्या काठाचं मोठं ताट, वर चंदेरी कागद. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तुझ्या दुःखात आम्ही सगळे आहोत गं सोरचा."

आता रात्रभर पोर किरकिर करत होतं. मला वाटलं, भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल. मी म्हटलं, "होईल हो कमी. दात येतायत."

तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली... तुम्हाला सांगते, कसायाकडे निघालेल्या वासराकडे बघतात ना, तशी. म्हणाली, "रडू दे त्याला. बाप तो बाप." आणि सरळ आत आली, ताट ओट्यावर ठेवलं, खुर्चीवर चढली आणि आमचं घड्याळ बंद केलं. मग आरसा भिंतीकडे फिरवला, घरात कुणी गेलं की आमच्याकडे करतात तसं. माझ्या घरात. माझ्यादेखत.

मी म्हटलं, "मोना, कोण गेलं?"

"अगं, रेडिओ नाही का ऐकलास?"

नव्हता ऐकला. आमच्याकडे सकाळच्या बातम्या संपल्या की गेलेल्यांची नावं वाचतात, तेव्हा सगळ्या डेरीवोरा गावात कुणी चमचासुद्धा वाजवत नाही. पण पोर रडतंय, कपड्यांचं मशीन धडधडतंय, मी काय ऐकणार? मोनाने सांगितलं, अगदी रेडिओवरच्या मुलीच्या आवाजात, मान खाली घालून: "फेस्टी कनीली, डेरीवोरा, आणि अलीकडे स्कॉटलंड. अचानक."

अचानक.

आमचा फेस्टी स्कॉटलंडलाच गेलाय. तिकडच्या एका बेटावर छपराचं काम आहे, फोनला रेंज फक्त धक्क्यावर, तीही वारा पडला तर. मी म्हटलं, "दुसरा कुणी असेल." मोना म्हणाली, "आडनावानिशी वाचलं गं. तुमच्या व्हॅनवर आहे ना, अगदी तसंच."

इथेच सगळं फसलं बघा. आमच्या गावात निम्मे लोक कनीली. आडनावाला विचारतो कोण? कोलमन बिलीचा, मोना टॉमची, आमचा हा फेस्टी मायकलचा, असंच चालतं. पूर्ण नाव गावात एकाच ठिकाणी लिहिलेलं, आमच्या व्हॅनवर, हातभर अक्षरांत: फेस्टी कनीली, गवंडी. ते कनीली ऐकलं की लोकांच्या डोळ्यांसमोर व्हॅनच येणार. पण मला सांगा, नवरा गेला असता तर आधी मला कळलं नसतं का?

फोन लावला. लागेना. रेडिओवाल्या मुलीला लावला. "आम्हाला तिकडच्या अंत्यविधीवाल्यांनी कळवलं, ताई." तिकडे लावला तर यंत्र बोलतंय, आज स्कॉटलंडमध्ये सुट्टी आहे. एव्हाना दारात माणसं जमायला लागली होती. एकीने अॅपल टार्ट आणला, एकीने माझा चहा मलाच करून दिला. आणि सगळ्यांचं कुजबुजत एकच, "पोर अजून बापाला ओळखायलाही लागलं नव्हतं." ओळखतो हो! फोनमध्ये आवाज आला की फोन चाटतो.

मी म्हटलं, बसून राहिले तर हे लोक मला विधवा करूनच उठतील. सरकारी कचेरीत जाऊ, तिथे तरी खरं कळेल. बाळाला व्हॅनमध्ये बांधलं आणि निघाले.

ती चूक झाली. मेलेल्या माणसाची व्हॅन रस्त्याने चाललीय, बाजूला हातभर अक्षरांत त्याचंच नाव... तुम्हाला सांगते, ट्रॅक्टरवरच्या माणसाने टोपी काढली. पेट्रोल पंपावरच्या बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. चौकात पोलिसाने दोन्हीकडची वाहनं थांबवून मला वाट दिली आणि सलाम ठोकला. मी आरशात मागे बघितलं, पाठीमागे गाड्यांची रांग, एकही पुढे काढत नाही, सगळ्या हळूहळू माझ्यामागून. तोवर माझा विश्वास नव्हता. पण त्या रांगेकडे बघून वाटायला लागलं, इतकी माणसं चुकतील कशी?

कचेरीत मृत्यू नोंदणीच्या खिडकीत एक चष्मेवाले साहेब. "कुणाची नोंद हवी?"

"फेस्टी कनीली, डेरीवोरा."

"मृत्यूची तारीख?"

"ती तुम्ही सांगायची."

"नाही बाई, ती तुम्ही सांगायची, मग मी शोधणार."

"अहो, तो गेलाय की नाही हेच मला माहीत नाही."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"बायको."

त्यांनी चष्मा काढला. "मग नोंद तुम्हीच करायची असते. केलीत का?"

"नाही."

"मग नोंद नाही."

"म्हणजे जिवंत आहे?"

"तसं मी लिहून देऊ शकत नाही." मग म्हणाले, परदेशात गेला असेल तर नोंद तिकडेच होते, इकडे कागद यायला काही आठवडे लागतात. मी म्हटलं, तोवर? तर म्हणाले, "तोवर आमच्या दृष्टीने ते आहेत."

"मग द्या की घरी पाठवून."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. साहेबांना काय वाटलं कोण जाणे. खिडकीतून वाकून हळूच म्हणाले, "वरच्या मजल्यावर दफनभूमीचा विभाग आहे. तिथे विचारा. पण पोराला घट्ट धरा."

पोराला घट्ट धरा असं कुणी का म्हणेल? तो जिना मी कसा चढले, माझं मला माहीत. वर एक जाडजूड माणूस चहात बिस्किट बुडवत बसलेला. नाव सांगितलं. त्याने बिस्किट बशीत ठेवलं, समोरच्या पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, "हो. आजच परवानगी दिलीय. फेस्टी कनीली, डेरीवोरा. पुरायला थडगं उघडायची."

बाळाने हात घालून त्याचं बिस्किट उचललं, मला दिसत होतं, तरी घेऊ दिलं. मी विचारलं, "वय काय लिहिलंय?"

"वय इथे नसतं."

रेडिओवरही नसतं. आमच्याकडे गेलेल्याचं वय सांगणं बरं दिसत नाही. एरवी हयात असणाऱ्याचं तीन वेळा विचारतील.

"कुठलं थडगं?"

"भिंतीकडचं," तो म्हणाला, आणि बाळाच्या हातात दुसरं बिस्किट दिलं. अनाथाला देतात तसं.

व्हॅनमध्ये बसून मी रडले. चांगली रडले. मग किल्ली फिरवता फिरवता डोक्यात आलं, भिंतीकडचं? आमच्याकडे माणसाला आपल्या माणसांपाशीच पुरतात, आणि माझे सासरे तर गेटजवळ आहेत. सासूही तिथेच. मग आमच्या फेस्टीला भिंतीकडे का ठेवतील? जीवात जरा जीव आला. लगेच वाटलं, गेटजवळ जागा संपली असेल तर? आणि परत धीर सुटला. तशीच दफनभूमीकडे सुटले.

गेटमधून आत वळते तर काय... गेटजवळ मातीचा ढीग. सासऱ्यांच्या दगडाशेजारी खड्डा, कमरेइतका, आणि त्यात कोलमन बिलीचा फावडं घेऊन उभा, काठावर गावातले तिघे. आमच्याकडे थडगं शेजाऱ्यांनीच खणायचं असतं, कागदाची वाट कोण बघतो. व्हॅन बघून चौघांनी टोप्या काढल्या. तो खड्डा त्याच्याच मापाचा दिसत होता हो. उंच आहे आमचा.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "कचेरीत भिंतीकडचं म्हणाले."

कोलमन खड्ड्यातून वर बघत राहिला. "भिंतीकडचं?"

"हो."

"भिंतीकडे तर स्टीफनची माणसं." मग फावडं मातीत रोवलं आणि त्यावर हनुवटी टेकून म्हणाला, "अरे देवा. फेस्टी स्टीफनचा."

कोण? शेवटचं घर, दारावर पत्रा ठोकलेलं. तिथला थोरला मुलगा, कोलमनच्या वर्गातला, मिसरूड फुटायच्या आत स्कॉटलंडला बोगदे खणायला गेला तो परत आलाच नाही. "तोही कनीलीच होता?" काठावरचा एक म्हणाला. कोलमन म्हणाला, "असणारच की. आम्ही कधी म्हटलं नाही त्याला तसं." तिकडच्यांना काय माहीत कुणाचा कोण. त्यांनी कागदावरचं नाव कळवलं, आणि गावात ते नाव घातलेली एकच वस्तू, आमची व्हॅन.

मी तिथेच ओल्या गवतात बसले. कोलमन चाचरत म्हणाला, "बुजवतो गं आम्ही हा खड्डा. तेवढीच माती मोकळी झाली, पुढे-मागे जड जाणार नाही." धीर द्यायची ही पद्धत.

संध्याकाळी फोन आला. धक्क्यावरून. "काय गं, इतके फोन? बाळ बरं आहे ना?" मला हुंदका आवरेना. मग सगळं सांगितलं. तर म्हणतो, "नुसतं अचानक? एवढंच वाचलं?"

"एवढंच."

"डारा आला होता भेटायला?"

"नाही."

"बघ," म्हणाला. जिवंत आहे हे त्याने वेगळं सांगायला नको होतं, जिवलग मित्रावर, डारावर, रुसला होता.

तो दुसरा फेस्टी दोन दिवसांनी आला, पेटीतून. सोबत कुणी नाही. दफनाआधी एक रात्र माणसाला घरात ठेवायचं असतं, पण पत्रा ठोकलेल्या घरात ठेवणार कसा? मोना म्हणाली, घड्याळ तुझ्याकडे बंदच आहे, टार्टही तुझ्याकडेच आहे. ठेवला आमच्याकडे. मी पुढच्या खुर्चीत बसले, बाळ मांडीवर, आणि सगळा गाव एकामागून एक येऊन माझा हात धरून म्हणाला, तुझ्या दुःखात आम्ही आहोत. दुसऱ्यांदा. आणि मी म्हणत होते, आभारी आहे, आभारी आहे. ज्याला मी कधी बघितलं नाही त्याच्यासाठी रडले, ते मात्र खोटं नव्हतं. आणखी कोण होतं त्याला?

आमचा परत आलाय. मी म्हटलं, व्हॅनवर मायकलचा असं घाल आधी. म्हणतो, जागा नाही. रोज सकाळी नावं सुरू झाली की मी मशीन बंद करते, श्वाससुद्धा धरते, तो शेजारी बसून टोस्ट खात असला तरी. बाळ हल्ली रेडिओ लागला की ओठांवर बोट ठेवतं.

काल मोनाचं ताट घासूनपुसून परत द्यायला गेले. तिने घेतलं नाही. म्हणाली, "असू दे गं तुझ्याकडेच. लागेल."

ठेवलंय. वरच्या फळीवर, अगदी मागे.