रुपाचं धुळं

नाही हो ताई, माझ्या पोरीला धुळ्याला जायचं नाहीये — तुम्ही पालक नेमायच्या अर्जात तसं लिहिलं का? खोडा ते. तुम्ही विचारलं, आईच्या मागं भावाजवळ राहशील का, आणि रुपा म्हणाली, 'धुळं' — म्हणाली, मीही ऐकलं. पण ते गावाचं नाव नाही. तिचं बोलणं असंच शे — आहे म्हणजे, मी तुमच्याशी सरळ बोलायला जाते आणि माझी जीभ घरचीच निघते. सत्तावीस वर्षांची झाली, पण शब्द मोजके, आणि एकेका शब्दात अख्खी गोष्ट कोंबलेली. नाशिकच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं, तोवर आम्ही सगळे तिला हट्टीच म्हणायचो. आता 'जिलबी' म्हणाली की समजायचं, घरात परकी माणसं फार झाली — मामाच्या लग्नात गर्दीला घाबरली, तेव्हा कोणीतरी तिच्या हातात जिलबी दिली होती. तुम्ही आलात तेव्हाही म्हणाली. तुम्हाला वाटलं, खायला मागतेय.

मग धुळं म्हणजे काय? धुळं म्हणजे मी घरात नाही. एवढंच. उन्हाळ्यात माझ्या छातीत दुखलं, तर योगेंद्रनं मला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, तिथं मला बरेच दिवस ठेवून घेतलं. मुलगा चांगला आहे, ताई, हे आधी लिहा. त्याचा बाप गेल्यापासून घर, शेत सगळं त्याच्याच अंगावर. पपईची तोड चाललेली, त्याला परत यावंच लागलं. आणि इकडं रुपा मला शोधत निघाली — थेट सारंगखेड्याच्या पुलापर्यंत — ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. मग त्यानं काय करावं? सून काजल पोटुशी, तिच्यानं रुपा आवरत नाही. त्यानं मागच्या खोलीत घातली, खताच्या गोण्या असतात तिथं, आणि बाहेरून कडी लावली. आत खाट होती, पंखा होता. — नाही, बांधलं नाही. म्हणजे लगेच नाही. ती कवाडावर डोकं आपटायला लागली, रक्त निघालं, म्हणून हात तेवढे — ओढणीनं, ताई, दोरी नव्हती. मी परत आले तर तिच्या अंगाचा वास येत होता, केसांच्या जटा झालेल्या. रडली नाही. माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, 'धुळं.' तेव्हापासून मी न्हाणीत गेले तरी दाराशी उभी राहून — धुळं, धुळं —

हे सांगायचं नव्हतं मला. पेन खाली ठेवा. मी योगेंद्रला विचारलं, तर समोर बसला माझ्या आणि म्हणाला, 'माय, मी काय करू? हाई मन्ही बहीण शे, दुश्मन नही.' रडला तो. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडले तरी असते.

तुम्ही म्हणता, तिला कोंडणं कायद्यात बसत नाही. पालक नेमायचा तर तिची इच्छा बघावी लागते, तिला नको असेल तर ते ऐकावं लागतं. चांगलंच आहे, ताई, एवढी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं तिला. ती अठराची झाली तशी मीही कायद्यानं तिची पालक राहिले नाही, हेसुद्धा तुमच्याच ऑफिसात कळलं. पण तिनं नको म्हटल्यावर पुढं काय? मी गेल्यावर तिला ठेवून घेतील अशी जागा आपल्या जिल्ह्यात तुमच्या माहितीत आहे का? — नाही. मग दुसरं माणूस सांगा. मला बहीण नाही, दीर वारले, भाऊ स्वतःच सुनेच्या हातचं खातो. तुम्ही न्याल तिला? — नाही, रागानं नाही विचारत. तुम्हालाही तुमचं घर आहे.

मग योगेंद्रचंच नाव राहू द्या. ती हो म्हणाली, असं लिहा. — खोटं लिहिता येत नाही? तेही खरंच. मग काहीच लिहू नका, तसंच राहू द्या सगळं, मी आहे तोवर मी बघते. चहा तुमचा थंड झाला. दुसरा करते म्हटलं असतं, पण तो जेवायला यायची वेळ झाली. त्याच्यासमोर तिला परत काही विचारू नका. या तुम्ही, ताई.