पालखीविना आलेली देवी

पहिल्या लॉकडाऊनमधली, पोशीरची गोष्ट. माझी बायको सुमन अंगणात कुरडया वाळत घालत होती. तिची केमो चालू होती, तरी चैत्रात पालखी दारी आली की देवीची ओटी भरायचीच, असं तिनं ठरवलं होतं. तेवढ्यात पोलीस पाटील फाटकाशी आले.

“पालखी नाय निघायची. वरून हुकूम हाय.”

मला हायसं वाटलं. गर्दीतून आजार घरात आला असता, तर तिला झेपला नसता.

शेजारच्या यमुनाकाकी कुंपणापलीकडून म्हणाल्या, “देवीला हुकूम करणारा कोण रं तो?”

“देवीला नाय काकी, भोयांना. खांदा द्यायला माणसं जमवायची नाय.”

“मंग चालत येल ती. पाय हायेत तिला.”

पाटील हसले. सुमन हसली नाही.

पालखीच्या दिवशी सकाळी गावभर दारं उघडी होती आणि रस्ता रिकामा. उन्हात धूळ हलकेच उठायची, बसायची. सुमननं कुणाचे तरी पाय धुवावेत तसं उंबऱ्यापुढे तांब्याभर पाणी ओतलं आणि ओटीचं ताट धरून उभी राहिली.

“आली का गं?” काकींनी त्यांच्या दारातून विचारलं.

“आली. दमलीय जरा, हळू बोला.”

मग तिनं मला हाक मारली, “अहो, नमस्काराला या.”

मी टीव्हीवर रुग्णांचे आकडे बघत होतो. “आलोच,” म्हणालो.

दिवाळीआधी सुमन गेली. पालखीच्या त्या सकाळी मी दारात गेलोच नव्हतो.